तीव्र चक्रीवादळानंतर जिल्हा यंत्रणेचा आढावा: काय मोजायचं आणि कुठे शोधायचं

प्रश्न असा आहे: किनारपट्टीवरच्या जिल्ह्यात तीव्र चक्रीवादळ येऊन गेल्यावर आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने कसं काम केलं, हे तपासायचं कसं? किती माणसं हलवली, किती पथकं आली, किती मृत्यू झाले, एवढ्यावर अहवाल संपतो. त्यापलीकडे काय मोजावं?

उत्तर ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या आधाराने देतो, कारण महाराष्ट्रापुरतं याहून बोलकं उदाहरण नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान हे वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याच्या नोंदीनुसार वाऱ्याचा सततचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. ताकदीच्या मानाने जीवितहानी थोडी झाली. फक्त पहिल्या दिवसाचा हिशेब मांडला तर यंत्रणा चांगल्या गुणांनी पास. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या माणसाला विचारा. तो ३ जूनबद्दल थोडं आणि पुढच्या महिन्याबद्दल पुष्कळ बोलतो. वीज नाही म्हणून नळाला पाणी नाही, मोबाइलला रेंज नाही, घरावर पत्रा नाही, आणि आठवड्या-दीड आठवड्यात मोसमी पाऊस दाखल. वाऱ्याच्या दिवसाचा आढावा आणि नंतरच्या तीस दिवसांचा आढावा ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही घड्याळ लावून करायची असतात. आपल्याकडे पहिलंच होतं, तेही बहुधा घड्याळाशिवाय.

आधी पुरावा ताब्यात घ्या

आढाव्याची बैठक नंतर ठेवली तरी चालेल, पण कागद पहिल्या ७२ तासांत सुरक्षित करा. जिल्हा आणि तालुका नियंत्रण कक्षांच्या नोंदवह्या, हवामान खात्याच्या प्रत्येक बुलेटिनची प्रत आणि ती मिळाल्याची वेळ, पोलिस बिनतारी संदेशांची वही, महावितरणच्या उपकेंद्रातली फीडर (उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वीजवाहिनी) बंद-चालू नोंद, १०८ रुग्णवाहिकांच्या फेऱ्या, सरकारी वाहनांची लॉगबुकं, डिझेलच्या पावत्या, निवारा केंद्रांची हजेरी. व्हॉट्सअ‍ॅप गटांवरचे संदेश लगेच एक्स्पोर्ट करून ठेवा. आजकाल निम्मे आदेश तिथेच सुटतात आणि महिन्याभरात बदल्या झाल्या, फोन बदलले की ते गेले.

नियंत्रण कक्षाची वही एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, एकही खाडाखोड नसताना सलग लिहिलेली दिसली, तर ती मागाहून भरलेली आहे असं धरून चाला. वादळाच्या रात्री तीन पाळ्यांतली माणसं असं लिहीत नाहीत. अशा वेळी लॉगबुक आणि डिझेलची पावती जास्त खरं बोलते: जेसीबी ‘तातडीने रवाना’ झाला असं वहीत असेल आणि त्याच्या लॉगबुकात पहिलं किलोमीटर दुसऱ्या दिवशी सकाळी पडलं असेल, तर खरी वेळ सकाळची.

मग एकच मोठा तक्ता करा. वादळ किनाऱ्यावर येण्याची वेळ शून्य धरा. त्याआधीचे तास उणे, नंतरचे अधिक. प्रत्येक ओळीत पाच रकाने: काय घडायला हवं होतं, आराखड्याप्रमाणे कधी, प्रत्यक्षात कधी, पुरावा कोणता, अंतर किती. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ ‘झालं’ मध्ये मोजू नका. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ प्रमाणे जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचाच असतो. त्यासाठी हाच तक्ता कामाला येतो, वेगळा घाट घालावा लागत नाही.

इशारा: शेवटच्या घरापर्यंत किती तास?

हवामान खात्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा, आणि १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतर आतल्या भागात काय होईल याचा अंदाज. आढाव्यात या चार बुलेटिनांचा प्रवास मोजायचा. खात्यातून निघालं कधी, जिल्ह्याला मिळालं कधी, तहसीलला कधी, तलाठी-ग्रामसेवक-सरपंचांना कधी, आणि घरात कधी. पहिले तीन टप्पे आता मिनिटांत होतात. खरी गळती शेवटच्या दोन टप्प्यांत असते.

घरात संदेश पोचला म्हणजे काय, हेही नीट ठरवून घ्या. ‘ताशी १२० किलोमीटर वेगाने वारे’ हा संदेश श्रीवर्धनच्या म्हाताऱ्या माणसाला काही सांगत नाही. ‘तुमच्या घरावरचे पत्रे उडतील, माड पडतील, दुपारी बारानंतर बाहेर पडू नका, सकाळी दहाच्या आत शाळेत या’ हा संदेश सांगतो. म्हणून गावात काय सूचना दिली गेली याचा शब्दशः मजकूर मिळवा. दवंडी, रिक्षावरचा भोंगा, मशिदीचा किंवा देवळाचा लाउडस्पीकर, जे असेल ते. त्यात वेळ, जागा आणि कृती या तीन गोष्टी होत्या का, एवढंच पाहा.

तुलना करताना एक खबरदारी. ओडिशाशी तुलना सगळे करतात आणि ती व्हायलाही हवी: १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या ‘फनी’च्या वेळी सुमारे १२ लाख लोक हलवून मृतांचा आकडा ६४ वर राहिला. पण फनी समुद्रात आठवडाभर वाढत होतं. निसर्गचं डिप्रेशन (चक्रीवादळाआधीची अवस्था) १ जूनला झालं, २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर होतं. जेमतेम अडीच दिवस. अरबी समुद्रात किनाऱ्याजवळ तयार होणाऱ्या वादळांना ७२ तासांची पायरी अनेकदा पुरी मिळतच नाही. त्यामुळे ‘ओडिशाने इतके हलवले, आपण इतकेच’ ही तुलना हाती असलेल्या तासांनी भागून करा. जिल्ह्याचा आराखडा ७२ तास गृहीत धरून लिहिला असेल, तर तो आराखड्याचाच दोष म्हणून नोंदवा, अंमलबजावणीचा नव्हे.

समुद्रात गेलेल्या बोटींचा हिशेब वेगळा ठेवा. २०१७ च्या ‘ओखी’ वादळाने शिकवलं की अनेक दिवसांच्या फेरीवर गेलेल्या होड्यांपर्यंत किनाऱ्यावरचा इशारा जातच नाही, त्यानंतर उपग्रहावरून संदेश देणारी साधनं आली. २०२० मध्ये आणखी एक गुंता होता. केंद्राने टाळेबंदीमुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या खोल समुद्रातल्या मासेमारीबंदीची सुरुवात १ जूनवरून १५ जूनवर नेली होती. म्हणजे ‘जूनमध्ये बोटी किनाऱ्यालाच असतात’ हे नेहमीचं गृहीतक त्या वर्षी चालणारं नव्हतं. आढाव्यात विचारायचं ते असं: मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवानाधिकाऱ्याकडे गेलेल्या बोटींची यादी, परत आलेल्या बोटींची यादी आणि दोन्हींतला फरक नावानिशी होता का? ‘सर्व बोटी सुरक्षित’ या वाक्यामागे यादी नसेल तर ते वाक्य अहवालात घेऊ नका.

आणि इशारा पोचूनही निर्णय होत नाही, अशी तिसरी जात असते. मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’त मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज (सपाट तळाची मोठी नौका) बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधीपासून होता. पण स्वतःचं इंजिन नसलेला बार्ज ओढून सुरक्षित ठिकाणी न्यायचा की नांगरावर ठेवायचा, हे जिल्हाधिकारी ठरवत नाहीत. असं कुठे आढळलं तर ‘संदेशवहन उत्तम’ असा शेरा मारून पुढे जाऊ नका. निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता आणि त्याला थांबायला भाग पाडण्याचा अधिकार कोणाकडे होता, ही दोन पदं लिहा. दुसरं पद सापडलं नाही, तर ती पोकळी हाच निष्कर्ष.

हलवाहलव

हलवलेल्यांची संख्या हा सर्वांत फसवा आकडा आहे. त्याला भाजक लागतो: हलवायला हवेत असे किती होते? भाजक कुठून येतो? कच्ची घरं, पत्र्याची घरं, भरतीरेषेजवळची घरं, एकटे वृद्ध, शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रिया, डायलिसिसवरचे रुग्ण. ही यादी आशा, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत यांच्याकडे तुकड्यातुकड्यांत असते. एकत्र केलेली नसते. गावाची यादी आधीपासून होती का आणि तिच्यातले किती टक्के प्रत्यक्ष निवाऱ्यात होते, हा एक आकडा सगळ्या जिल्ह्याच्या बेरजेपेक्षा जास्त सांगतो.

निवारा केंद्रात प्रत्यक्ष जा. बहुतेक ठिकाणी ती जिल्हा परिषदेची शाळा असते. छप्पर कशाचं आहे? कौलारू किंवा पत्र्याचं असेल तर माणसं एका धोक्यातून दुसऱ्या धोक्यात नेली. स्लॅबची खोली किती चौरस मीटर, माणसं किती, संडास किती आणि त्यात पाणी होतं का, बायकांसाठी आडोसा होता का, खोलीची किल्ली कोणाकडे होती. किल्लीच्या प्रश्नाला हसू नका. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी राहतात आणि कुलूप तोडायची जबाबदारी कोणी घेत नाही. २०२० मध्ये यावर करोनाचं सावट होतं, विलगीकरणातली माणसं कुठे ठेवायची हाही प्रश्न होता. मुंबईत तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तंबूंच्या रुग्णालयातून रुग्ण हलवावे लागले.

भूगोलही तपासा. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. ईशान्येकडे सरकणारं वादळ पश्चिम किनाऱ्यावर आलं की केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांवर वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, आणि उत्तरेकडच्या गावांवर जमिनीकडून समुद्राकडे जातो. पाणी आत ढकललं जातं ते दक्षिणेला. निसर्गच्या आधी मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागासाठी भरतीच्या पातळीवर एक ते दोन मीटर लाटेचा इशारा होता आणि देशाचं लक्ष मुंबईवर होतं. केंद्र अलिबागच्या दक्षिणेला आलं, मुंबई डाव्या बाजूला राहिली आणि मार दक्षिण रायगडला आणि त्याला लागून असलेल्या दापोली-मंडणगडला बसला. हे आधी कळणं अवघड असतं, मार्गात पाच-पंचवीस किलोमीटरचा फरक पडतोच. पण शेवटच्या सहा तासांत मार्ग स्पष्ट झाल्यावर पथकं दक्षिणेकडे सरकली का? किती वाजता? कोणत्या पुलाच्या अलीकडे थांबली? हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अमुक पथकं तैनात’ या ओळीला अर्थ नाही.

रस्ता उघडणं: इथे साखळी तुटते

वारा थांबल्यावर पहिलं काम झाडं तोडायचं. रस्ता नाही तर वीज कंपनीचा ट्रक नाही, ट्रक नाही तर पाणी नाही. आणि हे काम करवत, साखळी, पेट्रोल आणि माणूस या चार गोष्टींवर अडतं.

तालुक्याच्या साठ्यात ‘ट्री कटर ६ नग’ असं लिहिलेलं असतं. आढाव्यात प्रत्येक नग सुरू करून पाहायचा. यंत्र मध्यम आकाराचं असेल तर दिवसभराच्या कामाला ढोबळ ८ ते १० लिटर पेट्रोल आणि त्याच्या निम्मं साखळीचं तेल लागतं. इंजिन दोन-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. चांगल्या प्रतीचं टू-टी तेल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. घाईत कोणी साधं पेट्रोल टाकलं की पिस्टन जाम आणि नग बाद. साखळी जमिनीतल्या वाळूला टेकली की दोन क्षणांत बोथट होते. कोकणात त्यात माड आणि पोफळीची भर: त्यांचं खोड तंतुमय, तंतू पुढच्या दातचाकात गुंडाळले जातात आणि यंत्र तापून बंद पडतं. म्हणून एका यंत्रामागे किमान तीन जादा साखळ्या, दोन गोल कानशी, पाचरी, दोर आणि साखळी लावता येणारा माणूस, एवढा संच असेल तरच तो ‘एक नग’ मोजावा. बहुतेक यंत्रं पहिल्या दिवशी चालतात आणि दुसऱ्या दिवशी साखळीअभावी पडून राहतात. ते पुढल्या वर्षीही तसंच होतं, कारण अहवालात ‘यंत्रं उपलब्ध होती’ एवढंच लिहिलेलं असतं.

पेट्रोल पंपाचंही बघा. वीज गेली की पंप बंद, जनरेटर असला तर त्याला डिझेल आहे का, कार्डाचं यंत्र नेटवर्कवाचून बंद, आणि सरकारी गाडीकडे रोख पैसे नाहीत. तालुक्यातल्या दोन पंपांशी आपत्तीत उधारीवर इंधन देण्याचा लेखी करार होता का, इतका साधा प्रश्न आहे.

वीज: टक्क्यांवर विश्वास ठेवू नका

‘९० टक्के गावांत वीज सुरू’ हे वाक्य कसं तयार होतं ते आधी समजून घ्या. गावातल्या एका रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) वीज आली की ते गाव ‘सुरू’ मोजलं जातं. मूळ गावठाणात दिवे, पलीकडच्या कोळीवाड्यात आणि कातकरी वाडीत अंधार, तरी गाव हिरव्या रकान्यात. म्हणून मोजमाप ग्राहक-दिवसांत करा. एका फीडरवर १,२०० ग्राहक ९ दिवस अंधारात राहिले तर १०,८०० ग्राहक-दिवस. अशी प्रत्येक फीडरची, जमलं तर प्रत्येक रोहित्राची बेरीज. मग लक्षात येतं की शेवटचे पाच टक्के ग्राहक एकूण अंधाराचा केवढा मोठा वाटा उचलतात.

क्रम ठरलेला असतो: आधी उच्चदाबाच्या वाहिन्या आणि उपकेंद्रं, मग ११ किंवा २२ केव्हीचे फीडर, मग रोहित्रं, शेवटी घराघरापर्यंतच्या लघुदाब तारा. हा क्रम बरोबरच आहे. अडतं ते दुसरीकडे. बाहेरच्या परिमंडळांतून शेकडो कामगार येतात. त्यांना फीडरचा नकाशा मिळतो का? लाइन कुठल्या बागेतून, कुठल्या डोंगरावरून जाते हे स्थानिक लाइनमनला तोंडपाठ असतं आणि तो एकटा दहा पथकांना पुरत नाही. पथकामागे एक स्थानिक माहीतगार, राहायची जागा, दोन वेळचं जेवण आणि रोजचं खांबांचं वाटप, यातलं एक जरी चुकलं तरी ट्रक उभे राहतात. खांब आले, पण क्लॅम्प आणि इन्सुलेटर आले नाहीत, हेही नेहमीचं. नऊ मीटरच्या खांबाला ढोबळ दीड मीटर खड्डा लागतो. घाईत मीटरभर खणून उभा केलेला खांब पहिल्या पावसात कलतो. आढाव्याच्या वेळी वीस खांब नमुन्याला घेऊन जमिनीवरची उंची मोजा, खड्ड्याची खोली आपोआप कळते.

इथला सर्वांत गंभीर धोका उलट्या विजेचा. लाइन क्लिअर (वाहिनी बंद केल्याची खात्री आणि कामाची परवानगी) घेऊन माणूस खांबावर चढतो आणि जवळच्या हॉटेलाने किंवा बंगल्याने जनरेटर मुख्य स्विच न पाडता जोडलेला असतो. रोहित्रातून उलटं जाऊन तेच चारशे व्होल्ट वर ११ हजार होतात. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडल्या होत्या का आणि त्यासाठीचे अर्थिंग रॉड प्रत्येक पथकाकडे होते का, हे पथकनिहाय तपासा. कोणी दगावलं नाही म्हणून हा प्रश्न सोडू नका.

अलिबागला राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून भूमिगत वाहिन्यांचं काम हाती घेतलेलं होतं. असा भाग आणि उघड्या तारांचा भाग यांचे ग्राहक-दिवस शेजारी मांडले की पुढच्या गुंतवणुकीचं उत्तर आकड्यांतच मिळतं. आणि हो, या बाबतीत आदर्श मानलेल्या ओडिशाचीही दमछाक झाली होती. फनीत दीड लाखांहून जास्त खांब पडले आणि पुरी भागात वीज यायला कित्येक आठवडे गेले. जीव वाचवण्यात जगाने वाखाणलेली यंत्रणाही इथे अडखळते, म्हणजे हा भाग स्वतंत्रपणे तपासायलाच हवा.

पाण्याचं गणित विजेवरच अवलंबून, त्यामुळे थोडक्यात. नळयोजनेच्या पंपाला जनरेटर देताना फक्त अश्वशक्ती पाहतात. १० अश्वशक्तीचा पंप थेट स्टार्टरवर सुरू होताना चालू स्थितीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. त्याला किमान २० ते २५ केव्हीएचा संच लागतो. १० केव्हीएचा पाठवला की तो घरघरून बंद पडतो आणि गावकरी म्हणतात, ‘जनरेटर खराब होता.’ यादी करताना प्रत्येक पंपापुढे लागणाऱ्या संचाचा आकार आणि जोडणीची केबल लिहिलेली होती का ते पाहा.

संपर्काच्या बाबतीत सॅटेलाइट फोनची तपासणी एका वाक्यात होते: तालुक्याच्या कचेरीबाहेर उघड्यावर उभं राहून तहसीलदारांना तो लावायला सांगा. बॅटरी उतरलेली, रिचार्ज संपलेला, किंवा क्रमांक कसा फिरवायचा ते एकाच कारकुनाला माहीत आणि तो रजेवर, यातलं काहीतरी निघतंच. मोबाइल टॉवरचा बॅटरीवरचा वेळ तासांत असतो, पुढे डिझेल. पण पडलेल्या झाडाने फायबर तोडलं असेल तर डिझेल ओतूनही उपयोग नाही. म्हणून कंपन्यांकडून टॉवरनिहाय दोन वेगळी कारणं मागवा: वीज नसल्याने बंद, की जोडणी तुटल्याने बंद.

पंचनामा आणि पैसा

मदतीच्या प्रत्येक प्रकरणाला चार तारखा असतात: पंचनामा, यादी प्रसिद्ध, कोषागारातून रक्कम निघाली, खात्यात जमा झाली. अहवालांत तिसरी तारीख ‘वाटप पूर्ण’ म्हणून येते. पन्नास प्रकरणं नमुन्याला घेऊन चौथी तारीख बँकेच्या पासबुकावरून लिहा. तिसरी आणि चौथी यांच्यात महिना गेला असेल तर कारण बहुधा चुकीचा खाते क्रमांक, बंद खातं, किंवा सातबाऱ्यावरची सामाईक नावं. कोकणात एका वाडीच्या उताऱ्यावर पंधरा नावं, त्यातली दहा मुंबईला, दोन हयात नाहीत. सगळ्यांचं संमतिपत्र मागितलं की मदत तिथेच गोठते.

निकष घराशी आणि शेतीशी जुळतात का, हेही आढाव्याचंच काम आहे. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला प्रचलित निकषाने ९५,१०० रुपये मिळत. राज्याने ते दीड लाख केले. फळबागेचा दर हेक्टरी १८,००० वरून ५०,००० वर नेला. ऐकायला घसघशीत वाटतं. पण दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या पोफळीच्या बागा गुंठ्यांत असतात. १० गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, मदत ५,००० रुपये. पावणेतीन मीटर अंतराने लावलेल्या तेवढ्या जागेत सव्वाशे-दीडशे झाडं, म्हणजे झाडामागे चाळीसच्या आसपास रुपये. नवं झाड धरायला पाच ते सात वर्षं. आडवी झालेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच याहून जास्त होते. हेक्टरऐवजी झाडामागे मदत द्या, ही मागणी तिथून आली आणि ती अगदी रास्त होती. वादळाचा आढावा घेणाऱ्याने ही गणितं प्रत्येक मुख्य पिकासाठी मांडून शासनाकडे पाठवली पाहिजेत. मंत्रालयातल्या माणसाला गुंठ्यांतली बाग दिसत नाही.

पत्र्यांचंही तसंच. मदतीची रक्कम येईपर्यंत पाऊस आलेला असतो आणि पत्र्यांचे भाव चढलेले असतात. ताडपत्र्या पहिल्या आठवड्यात किती घरांना मिळाल्या आणि बाजारात पत्रा काय भावाने होता, याची नोंद आठवड्याला एकदा जरी ठेवली असेल तर सोनंच.

मृत्यूंची मोजणी तीस दिवसांनी बंद करू नका

प्रत्येक मृत्यूपुढे टप्पा लिहा: वाऱ्याआधी, वाऱ्यात, नंतर. नंतरचे मृत्यू म्हणजे छप्पर दुरुस्त करताना पडणं, तुटलेल्या तारेचा धक्का, बंद खोलीत चालवलेल्या जनरेटरचा विषारी धूर, डायलिसिस चुकणं, रुग्णवाहिकेला रस्ता न मिळणं. यातले शेवटचे दोन प्रकार ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदले जातात आणि आकड्यातून निसटतात. प्युर्टो रिकोत २०१७ च्या ‘मारिया’ वादळाचा अधिकृत आकडा ६४ होता. सहा महिन्यांतले एकूण मृत्यू नेहमीच्या प्रमाणाशी ताडून पाहिल्यावर तो २,९७५ झाला, आणि सरकारने तो मान्य केला. जिल्हा पातळीवर इतका मोठा अभ्यास नको. जन्म-मृत्यू नोंदणीतून बाधित तालुक्यांचे तीन महिन्यांचे आकडे आणि मागल्या पाच वर्षांचे त्याच महिन्यांचे आकडे शेजारी मांडा. फरक दिसला तर आरोग्य विभागाला एकेक प्रकरण तपासायला सांगा. करोनासारखी साथ चालू असेल तर ही तुलना कोलमडते, ते मात्र नमूद करा.

गावांची निवड आणि आठ प्रश्न

गावं निवडताना डांबरी रस्त्यालगतची घेतली की सगळं छान दिसतं. आठ गावं पुरतात: दोन कोळीवाडे, दोन आदिवासी वाड्या, दोन आतली गावं, एक खाडीपलीकडचं, एक तालुक्याचं ठिकाण. प्रत्येकी २५ घरं, चार जोड्या, तीन दिवस. जोडीतला एक तरी माणूस महसूल खात्याबाहेरचा हवा, नाहीतर लोक पंचनाम्यासाठी आलेत समजून नुकसानच सांगत बसतात. प्रश्न असे:

- वादळ येणार हे पहिल्यांदा कोणाकडून आणि कोणत्या वेळी कळलं?
- काय करायला सांगितलं होतं? तुम्ही काय केलंत, आणि नाही केलंत तर का?
- रात्र कुठे काढलीत?
- रस्ता, वीज, पाणी, फोन कितव्या दिवशी सुरू झाले?
- सरकारी माणूस दारात पहिल्यांदा कधी आला?
- औषध, बाळंतपण, दवाखाना यात अडचण आली का?
- छप्पर कशाने झाकलंत, ते कुठून आणलंत?
- पैसे मिळाले का, किती आणि कधी?

उत्तरांची सरासरी काढू नका. मधली किंमत आणि शेवटच्या घराची किंमत, अशा दोनच द्या. वीज मधल्या घरात सातव्या दिवशी आणि शेवटच्या घरात एकतिसाव्या दिवशी, असं लिहिलं की चर्चा कशावर व्हायला हवी ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

बैठक कोणी घ्यायची

दोन बैठका. पहिली आठवड्याच्या आत, तासाभराची, फक्त खालच्या फळीची: तलाठी, लाइनमन, आशा, पोलिस पाटील, जेसीबीचालक. साहेब लोक बाहेर. दुसरी सहा ते आठ आठवड्यांनी, तक्ता आणि सर्वेक्षण हातात घेऊन. अध्यक्षपदी शेजारच्या जिल्ह्यातला किंवा प्रशिक्षण संस्थेतला अधिकारी असावा. स्वतःच्या तालुक्याचे गुण स्वतः देणाऱ्याकडून वेगळी अपेक्षा कशाला? बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाका की इथे बोललेलं कोणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. ते लेखी नसेल तर खालच्या फळीतलं कोणी तोंड उघडत नाही आणि शेवटी सगळा दोष एखाद्या तलाठ्याच्या माथी येतो.

शिफारशी दहाच्या वर नकोत. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी: पदनाम, लेखाशीर्ष (खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षाखाली), तारीख. पैशाचं उत्तर बहुतेकदा असतं, माहीत नसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) रचनेत राज्याच्या आपत्ती जोखीम निधीचे ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका आधीच कमी करण्यासाठी, आहेत; त्या ८० मध्येही एकूण निधीच्या १० टक्के तयारी आणि क्षमताबांधणीसाठी राखलेले आहेत. करवतीच्या साखळ्या, सॅटेलाइट फोनचं रिचार्ज, फीडरचे नकाशे यांना ‘निधी नाही’ हे कारण चालू देऊ नका. तारीख १५ एप्रिलच्या आतली असावी, कारण अरबी समुद्रातला पहिला हंगाम मे महिन्यात सुरू होतो; दुसरा ऑक्टोबरनंतर.

१५ एप्रिलनंतरच्या आठवड्यात न सांगता एका तालुक्यात जाऊन तीनच गोष्टी पाहा: शाळेची किल्ली अर्ध्या तासात येते का, करवत सुरू होऊन ओंडका कापते का, सॅटेलाइट फोन जिल्ह्याला लागतो का. तिन्हींची वेळ लिहून त्याच तक्त्याला नवीन रकाना जोडा.